प्रॉम्प्टर

गुदैबियातल्या शाळेचा हॉल
आम्हाला शुक्रवारी मिळायचा, दुपारच्या नमाजानंतर.
तिसऱ्या अंकाला नेनेबाई एसी बंद करायला लावत,
त्या घरघरीतून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नाही म्हणून.
जुलै महिना, बहारीन.
डिंक सुटून माझी मिशी ओठांवर उतरायची
आणि बाई ओरडायच्या, घशातून नको, बेंबीपासून आण.

डाव्या विंगेत, पत्र्याच्या खुर्चीवर, दिलावर परकार.
मांडीवर वही, बोटांत पेन्सिल, चष्म्याला दोरी.
मूळचा बाणकोटचा, सावित्रीच्या तोंडाशी घर.
बावीस वर्षं बंदराच्या कंट्रोल रूममध्ये, वायरलेसवर:
जहाजांना थांब म्हणायचं, ये म्हणायचं.
शमाल सुटलं की कप्तान शब्द ऐकत नाहीत,
तो एकदा म्हणाला होता, सूर ऐकतात.
आपण घाबरलो तर जहाज घाबरतं.

आमच्याकडेही त्याचं तेच काम.
अडलं की अख्खं वाक्य कधी द्यायचा नाही.
पहिला शब्द, तोही अर्धा,
असा की मला पोचावा
आणि पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना पोचू नये.
"पण..." एवढंच म्हणायचा,
त्या पणमध्ये पुढचं पान असायचं.

मार्चमध्ये त्याच्या घशात गाठ निघाली.
गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला.
मोठं काही नाही, असं त्यानं पाटीवर लिहिलं
आणि खाली रेघ मारली.
बंदरावर त्याच्या जागी कुणी फिलिपिनो पोरगा बसला.
म्हणे अजून एखादा इराणी नाखवा
रात्रीबेरात्री चॅनलवर विचारतो,
तो म्हातारा कुठाय?

तालमीला तो येतच राहिला.
वही, पेन्सिल, दोरीचा चष्मा. ओठ हलवायचा.
नेनेबाईंनी दुसरा माणूस शोधला नाही
आणि खरं सांगतो, त्या वर्षी
आमच्यातलं कुणीच वाक्य विसरलं नाही.
त्याच्याकडे बघायचीच भीती वाटायची.

मे महिन्यात एका शुक्रवारी त्यानं मला थांबवलं.
वहीच्या मागच्या पानावर संवाद लिहून आणले होते.
मां, मी बरा आहे. कामात होतो गं.
आंबा उतरवला काय?
समासात सूचना: इथे हसायचं. थोडंसंच.
म्हातारीला दिसत नाही आता.
तिच्यासाठी मुलगा म्हणजे आवाज,
आणि दोन महिने तो आला नव्हता.

पार्किंगमध्ये, त्याच्या गाडीत बसलो.
काचा वर. एसी त्यानं स्वतःच बंद केला.
मी त्याचा दम घेतला,
वाक्य संपवताना खाली ठेवून द्यायची लकब घेतली,
'बरं का'च्या आधीचा आवंढा घेतला.
सगळं बेंबीपासून आणलं.
इथे हसलो. थोडंसंच.

फोन स्पीकरवर होता.
म्हातारी हुंकार देत राहिली.
आंब्याचं सांगितलं, डाव्या गुडघ्याचं सांगितलं,
फातमाच्या पोराला दोन दात आले, वरचे आधी.
माझा एक शब्द चुकला नाही.
दिलावर प्रत्येक वाक्यावर ओठ हलवत होता,
माझ्या किंचित आधी.

मग ती म्हणाली,
दिलावरला म्हणावं, दवा वेळेवर घे.
आणि तू कोण रे बाबा?
नक्कल बरी करतोस.
जेवलास काय?

मी वळलो, विंगेकडे वळतात तसा.
त्यानं पान उलटलं. मागे कोरं.
पेन्सिल हातात होती, टोकही केलेलं होतं.
हॅलो, म्हातारी म्हणाली.
हॅलो.